कॅथेड्रलचा ऑर्गन ऐकवायचाय : रेसिटल की इव्हनसाँग?

निळावंती

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे आम्ही ग्लॉस्टरला राहायला आलोय. ऑफिस कॅथेड्रलच्या अगदी जवळ, त्यामुळे संध्याकाळी सुटल्यावर तिथल्या इव्हनसाँगला जाऊन बसायची सवयच लागलीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इव्हनसाँग म्हणजे अँग्लिकन चर्चची सायंप्रार्थना, जवळजवळ सगळी गायलेली. पाऊण तासाची असते, तिकीट नाही, आणि इंग्लंडातल्या बहुतेक मोठ्या कॅथेड्रलांत आठवड्यातले बरेच दिवस चालते.

तर प्रश्न असा. ऑगस्टमध्ये आई-बाबा येतायत सांगलीहून. बाबा जन्मभर शास्त्रीय ऐकत आलेत, स्वतः पेटी वाजवतात, गावात कुणाचंही गाणं असलं की साथीला तेच. त्यांना पाइप ऑर्गन (पाइपांत हवा सोडून वाजवायचं मोठं वाद्य) ऐकवायचाच असं मी ठरवलंय. नवरा म्हणतो दुपारच्या रेसिटलला ने, नुसता ऑर्गन, तासाभराचा कार्यक्रम, वर स्क्रीनवर वाजवणाऱ्याचे हातपाय पण दिसतात. माझं म्हणणं इव्हनसाँगला न्यावं. कॅथेड्रल ऑर्गनिस्ट काय चीज असते ते रेसिटलमध्ये कळत नाही असं माझं ठाम मत झालंय, ते कळतं बायबलमधल्या रोजच्या स्तोत्रांच्या साथीत.

तुमचं काय मत? आणि आपल्यासारख्या हिंदू माणसांनी जाऊन बसलं तर चालतं ना? मी जाते पण आईला संकोच वाटेल.

यॉर्कर

बिनधास्त न्या. मी यॉर्कला राहतो, इथल्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे मिन्स्टरमध्ये, वर्षानुवर्षं जातोय, तू कोण कुठला असं एकदाही कुणी विचारलेलं नाही. दारात स्वयंसेवक असतात, छापील पुस्तिका देतात, वेळेवर गेलं तर कॉयरच्या, म्हणजे गाणाऱ्या संघाच्या, बाजूच्या कोरीव लाकडी बाकांवर बसवतात. तिथेच बसा, मागे खुर्च्यांवर नको. उठायचं बसायचं शेजारच्याकडे बघून करायचं. म्हणायला काही लागत नाही, ऐकणं हाच तुमचा वाटा.

एकच विनंती. शेवटी पाद्री आणि कॉयर निघून गेले की ऑर्गनिस्ट एक स्वतंत्र रचना वाजवतो, त्याला व्हॉलंटरी म्हणतात. त्या वेळी लोक उठून गप्पा मारायला लागतात, मला फार राग येतो याचा. बाख चाललाय आणि हे पार्किंगचं बोलतायत! आईबाबांना बसवून ठेवा शेवटचा सूर विरेपर्यंत.

कोकणकडा

मी नवऱ्याच्या पार्टीत. ऑर्गन हे एकट्याने भव्य इमारत भरून टाकणारं वाद्य आहे, त्याला साथीला बसवून जोखणं अन्याय आहे. बाखचा 'सेंट ॲन' फ्यूग किंवा रॉयब्केचा ९४व्या स्तोत्रावरचा सोनाटा घ्या (१८५७ चा, वय वर्षं २३ असताना लिहिलेला), हे इव्हनसाँगच्या साथीत कुठे ऐकायला मिळणार? लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये १०,२६८ पाइपांचा ऑर्गन आहे, ब्रिटनमधला सगळ्यात मोठा. तिथे रेसिटलला ३२ फुटी पाइपचा सगळ्यात खालचा सूर लागतो तेव्हा तो कानाला कमी आणि बाकाला जास्त कळतो, सेकंदाला सोळाएक कंपनं असतात त्याची. पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाला हे द्यावं. स्तोत्रं नंतर.

मंद्रसप्तक

निळावंतीताईंच्या बाजूने जरा सविस्तर लिहितो, कारण मी हे वाद्य शिकलोय आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

अँग्लिकन चॅन्ट म्हणजे काय ते आधी सांगतो. एका ओवीसाठी फक्त दहा स्वरमेळ असतात, चार पहिल्या चरणाला आणि सहा दुसऱ्याला. दुहेरी चॅन्ट असेल तर वीस, दोन ओव्या मिळून. संपूर्ण स्तोत्र त्याच दहा किंवा वीस मेळांवर फिरत राहतं. ओवी लहान असो की लांबलचक, जादा अक्षरं सगळी त्या त्या चरणाच्या पहिल्या मेळावर बोलण्याच्या लयीत म्हणायची आणि मग पुढे सरकायचं. म्हणजे ठेका नाही, मात्रा मोजायच्या नाहीत, शब्दच लय ठरवतात. कॉयर दोन बाजूंना समोरासमोर बसलेलं, एका बाजूला डेकानी म्हणतात आणि दुसरीला कँटोरिस, आलटून पालटून गातात.

आता ऑर्गनिस्टच्या समोर काय असतं, तर ते दहा-वीस मेळ आणि शब्द. बस. कुठला स्टॉप (पाइपांचा एकेक संच चालू-बंद करायची खुंटी) कुठे काढायचा, कुठल्या ओवीत पेडल (पायाने वाजवायच्या पट्ट्या) सोडून द्यायचं, कुठे वरून एखादी वेगळी चाल घालायची, कुठे हात काढून घेऊन गाणाऱ्यांना एकटं सोडायचं, यातलं काही लिहिलेलं नसतं. १४७व्या स्तोत्रात देव लोकरीसारखं बर्फ देतो अशी ओळ आहे, तिथे चांगला ऑर्गनिस्ट खालचं सगळं काढून घेतो आणि अगदी मऊ, वरचा एक फ्लूट ठेवतो. लगेच पुढे गारांचा उल्लेख येतो, तिथे तोच माणूस तुटक वाजवतो. आणि हे गाणाऱ्यांचा एकही शब्द न झाकता. बाबा पेटीची साथ करतात ना, त्यांना हे दोन मिनिटांत कळेल. गवयाच्या मागे मागे राहून त्याच्या श्वासाआधी पोचायचं, तेच इथे आहे, फक्त हाताखाली काही हजार पाइप आहेत आणि गवई वीस-पंचवीस.

त्यात बुक ऑफ कॉमन प्रेअर या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाप्रमाणे १५० स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत. पंधराव्या संध्याकाळी ७८वं येतं, सत्तरहून जास्त ओव्या. ज्या कॅथेड्रलात ते अजून पूर्ण गातात तिथे त्या दिवशी मुद्दाम जावं. एकच माणूस इतका वेळ तीच चाल न कंटाळवाणी होऊ देता कशी नेतो ते ऐकायला.

खादाड_बोका

दंडवत घ्या मंद्रसप्तक. मला आजवर वाटायचं की आधी ऑर्गन वाजतो आणि मग हे गातात, म्हणजे बँड आणि वरात.

बाकी ४२व्या स्तोत्राच्या त्या जुन्या इंग्रजी भाषांतरात 'वॉटर-पाइप्सच्या आवाजाने' असं आहे, तो ऑर्गनिस्ट लोकांचा लाडका शब्द असणार. :ड

मंद्रसप्तक

आहेच! तिथे प्रत्येक जण काहीतरी करतो.

कोकणकडा

मंद्रसप्तक, पटलं पण अर्धंच. तुम्हाला ते कळतं कारण तुम्हाला कुठे कान द्यायचा ते माहितीये. सांगलीहून आलेल्या माणसाला जुन्या इंग्रजीत गायलेले शब्द कळणार का? शब्दच कळले नाहीत तर बर्फ कुठलं आणि गारा कुठल्या.

निळावंती

कोकणकडा, रास्त शंका. पण त्या दिवसाची स्तोत्रं आधी कळतात, वेबसाइटवर महिन्याचं पत्रक असतं, कुठली स्तोत्रं, कुठल्या संगीतकाराची सर्व्हिस (रोजच्या दोन ठरलेल्या गीतांना दिलेलं संगीत), अँथम (कॉयरचं वेगळं गीत) कुठलं, व्हॉलंटरी कुठली, सगळं. मी मराठी बायबलमधून ती स्तोत्रं बाबांना आदल्या रात्री वाचायला देणार आहे. त्यांना आवडतील, त्यात तक्रार पण आहे आणि भांडण पण.

रेघोट्या

इंजिनियर असल्याने माझा प्रश्न वेगळा. यॉर्क, ग्लॉस्टर, एक्सेटर इथे ऑर्गन मधल्या दगडी भिंतीवर चढवलेला असतो, वाजवणारा वर आणि गाणारे खाली. मग ताल कसा जुळतो?

मंद्रसप्तक

आरसा किंवा छोटा कॅमेरा. कंडक्टरचे हात पडद्यावर दिसतात. पण डोळ्याने जुळवलं तरी कानाने ऐकलेलं उशिरा येतं, काही ठिकाणी पाइप एका टोकाला आणि कॉयर दुसऱ्या टोकाला, म्हणून ऑर्गनिस्टला किंचित आधी वाजवावं लागतं आणि स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायचा नाही हे शिकावं लागतं. मला हेच सगळ्यात जड गेलं.

तापमानाचीही भानगड असते. हवा गरम झाली की बासरीच्या तत्त्वावर चालणारे फ्लू पाइप चढतात पण जिभेचे रीड पाइप त्या मानाने जागेवर राहतात, मग दोन्ही एकत्र काढले की बेसूर. शेकडो फ्लू पाइप हलवण्यापेक्षा ट्यूनर मूठभर रीड त्यांच्याशी जुळवून घेतो. आणि एखादा सूर अडकला तर तो वाजतच राहतो, त्याला सायफर म्हणतात. ऐन प्रार्थनेच्या शांततेत एक सूर चालू, आणि ऑर्गनिस्ट एकेक स्टॉप आत ढकलत कुठला पाइप आहे ते शोधतोय. मी हे पाहिलंय. वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावर रेषही हलली नव्हती.

जुनापुराणा

धागा मस्त चाललाय. इतिहासातलं थोडं माझ्याकडून.

संगीतकार विल्यम बर्ड १५६३ मध्ये लिंकन कॅथेड्रलला ऑर्गनिस्ट म्हणून लागला. तिथल्या मंडळींनी १५६९ मध्ये त्याचा पगार रोखला, आणि ऑर्गन किती वाजवायचा यावर बंधनं घातली, वाजवायचा तो गाणाऱ्यांना सूर देण्यापुरता. म्हणजे ऑर्गनने किती बोलावं हा कोकणकडा विरुद्ध मंद्रसप्तक वाद साडेचारशे वर्षं जुना आहे. पुढे १६४४ मध्ये पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला, कित्येक मोडले गेले, आणि १६६० ला राजा परत आल्यावर सगळं पुन्हा उभं करावं लागलं. गाणारी मुलं नाहीत, वाजवणारे म्हातारे झालेले किंवा गेलेले. एक अख्खी पिढी गाळून ही परंपरा परत सुरू झाली याचं मला अजून नवल वाटतं.

आणि सॅम्युअल सबॅस्टियन वेस्ली. हेरेफर्डला असताना १८३४ च्या ईस्टरला त्याच्याकडे मुलं होती आणि पुरुष आवाज एकच, तोही डीनचा (कॅथेड्रलच्या मुख्य पाद्रीचा) बटलर असं सांगतात. तेवढ्यावर त्याने जे अँथम लिहिलं, 'ब्लेस्ड बी द गॉड अँड फादर', ते आजही सगळीकडे गातात. माणूस भांडकुदळ होता, हेरेफर्ड, एक्सेटर, लीड्स, विंचेस्टर, ग्लॉस्टर असा फिरला आणि कॅथेड्रल संगीताची दुर्दशा यावर आयुष्यभर लिहीत राहिला. निळावंती, तुमच्याच ग्लॉस्टरला असताना गेला, १८७६.

यॉर्कर

जुनापुराणा, याच्या उलट आमचे फ्रान्सिस जॅक्सन. १९२९ ला यॉर्क मिन्स्टरमध्ये कॉयरमधला मुलगा म्हणून आले, १९४६ ते १९८२ तिथलेच ऑर्गनिस्ट, १०४ वर्षं जगले, २०२२ मध्ये गेले. त्यांच्या आधी त्यांचे गुरू बेअरस्टो १९१३ पासून. सत्तर वर्षांत दोन माणसं.

आणि यॉर्कला ऑर्गनने आगही लावलीये हो. १८२९ मध्ये जोनाथन मार्टिन नावाचा माणूस इव्हनसाँगला बसला, ऑर्गनच्या घुंघुं आवाजाने त्याचं डोकं फिरलं, रात्री आत लपून राहिला आणि पेटवून दिलं. ऑर्गन गेला, कॉयरची बाकं गेली, छप्पर गेलं.

खादाड_बोका

रसिकांची तीव्र प्रतिक्रिया.

सायलीची_आई

वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी इथल्या एका कॅथेड्रलच्या मुलींच्या कॉयरमध्ये आहे. आम्ही ख्रिश्चन नाही, तिच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी आवाजाची परीक्षा द्यायला लावली आणि ती लागली. शाळेआधी सराव, शाळा सुटल्यावर सराव आणि मग इव्हनसाँग. डिसेंबरमध्ये तर घरात कॅलेंडर तिच्याच हिशोबाने चालतं.

लोकांना वाटतं लहान मुलं गोड गातात म्हणून ठेवलीत. प्रत्यक्षात ती वाचून गातात. संध्याकाळचं संगीत कधी कधी त्याच दिवशी समोर येतं, सोळाव्या शतकातलं एक, विसाव्या शतकातलं एक, कागद हातात, एकदा म्हणून बघायचं आणि तासाभरात लोकांसमोर. वर पेन्सिल कायम कानामागे. चूक झाली की गाता गाताच हात वर करायचा, म्हणजे मास्तरांना कळतं की आपल्याला कळलंय, थांबवून सांगत बसायला नको. सायली आता घरी भाजी सांडली तरी हात वर करते.

मुलींना हे मिळालं ते अलीकडे. सॉल्सबरी कॅथेड्रलने १९९१ मध्ये मुलींचं वेगळं कॉयर सुरू केलं तिथून वारं फिरलं. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजने मुली घेतल्या २०२२ मध्ये आणि लंडनच्या सेंट पॉल्समध्ये पहिल्या मुली कॉयरच्या पूर्ण सदस्य (कोरिस्टर) झाल्या त्या २०२४ मध्ये. नऊशे वर्षांच्या परंपरेत.

कोकणकडा

अभिनंदन सायलीचं! पण एक मत मांडतो, राग नको. मुलांच्या आवाजाचा एक वेगळा पोत असतो, तो फुटायच्या आधीच्या एक-दोन वर्षांत जो लागतो तो परत मिळत नाही. किंग्ज कॉलेज केंब्रिजने अजून फक्त मुलगेच ठेवलेत ते त्यासाठीच असावं. दोन्ही असावं, पण मिसळून टाकू नये.

सायलीची_आई

राग नाही. पण डोळे मिटून ओळखून दाखवा. मी रोज ऐकते आणि मला दर वेळी ओळखता येत नाही. ज्या मास्तरांनी ज्या इमारतीत शिकवलं त्यांचा आवाज लागतो, मुलगा-मुलगी नंतर. आणि समजा फरक असलाच तरी तेवढ्यावर अर्ध्या मुलांना हे शिक्षण नाकारायचं? नाही पटत.

मंद्रसप्तक

+१. ऑर्गन वाजवणाऱ्यांतही तेच चाललंय. सेल्विन कॉलेज केंब्रिजला सारा मॅकडोनल्ड १९९९ मध्ये आल्या, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या चॅपलमध्ये संगीत सांभाळणारी पहिली बाई. माझ्या वेळी क्लासमध्ये मुलगी दिसणं अपवाद होतं, आता नाही.

नगरी_सुरपेटी

मी अहिल्यानगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला. इथे सगळे बाहेरून ऐकतायत म्हणून आतून थोडं सांगतो.

आमच्याकडे रविवारी पेटी, तबला, टाळ. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं, अभंगाच्या आणि ओवीच्या चालीची. आजी ती पाठ म्हणायची. टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि त्यांनी आमच्या उपासनेला मराठी गळा दिला असं आमच्याकडे मानतात. ते काम अमेरिकन मिशनच्या चर्चमधलं, अँग्लिकन नव्हे. अँग्लिकन पद्धत आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या कँपातल्या चर्चांत होती, फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ पासूनचं, ज्याच्यावरून चर्चगेट नाव पडलं ते. तिथली कॅथेड्रल शाळा मुळात कॉयरला मुलं मिळावीत म्हणून निघाली. १९७० ला उत्तर भारतातल्या बऱ्याच चर्चांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा हे दोन्ही प्रवाह एका छपराखाली आले.

कॉलेजात असताना पुण्याला मी चार ओळींचं इंग्लिश चॅन्ट पहिल्यांदा गायलो. तेच स्तोत्र मला आधीपासून मराठीत येत होतं. चाल परकी वाटली पण शब्दांसाठी चालीने बाजूला व्हायचं हे अजिबात परकं वाटलं नाही. त्यामुळे निळावंतीताई, तुमचे बाबा इव्हनसाँगमध्ये रमतील असं मला वाटतं. आणि आदल्या रात्री मराठी स्तोत्र वाचून जायची कल्पना फार आवडली. २३ आणि १२१ नक्की वाचा, पत्रकात असोत नसोत.

रेघोट्या

नगरी, सुंदर प्रतिसाद.

निळावंती

खरंच. नगरी, १२१वं आत्ताच वाचलं. 'मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावितो.' आईला आवडेल.

यॉर्कर

अरे थांबा थांबा. सगळे वाद घालतायत आणि मुख्य गोष्ट कुणी बोललंच नाही. निळावंती, आईबाबा ऑगस्टमध्ये येतायत ना? ऑगस्टमध्ये कॅथेड्रलचं स्वतःचं कॉयर सुट्टीवर असतं! जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत मुलांना शाळेची सुट्टी. तेव्हा बाहेरगावची पाहुणी कॉयरं येऊन गातात, आठवडा-आठवडा. त्यांचा ऑर्गनिस्टही बहुधा त्यांचाच, वाद्य त्याला नवं.

निळावंती

अरे देवा. हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मी मागच्या ऑगस्टमध्ये इथे नव्हतेच.

कोकणकडा

पण उन्हाळ्यातच रेसिटलं जोरात असतात! बऱ्याच कॅथेड्रलांच्या उन्हाळी मालिका असतात, आठवड्याला एक, नावाजलेले पाहुणे ऑर्गनिस्ट. म्हणजे शेवटी नवऱ्याचंच खरं. :)

सायलीची_आई

पाहुण्या कॉयरांना कमी लेखू नका. त्यात हौशी लोक असतात, वर्षभर पैसे साठवून आलेले, एका मोठ्या इमारतीत आठवडाभर गायचं म्हणून. मन लावून गातात.

मंद्रसप्तक

बाबांचं तिकीट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबवता येतंय का बघा. ग्लॉस्टरला राहून हर्बर्ट हॉवेल्सचं संगीत तिथल्या कॉयरकडून न ऐकता परत जाणं बरं नाही. हॉवेल्स त्याच कॅथेड्रलच्या ऑर्गनिस्टकडे, ब्रुअरकडे, शिकला. त्याचा मुलगा १९३५ मध्ये नऊ वर्षांचा असताना पोलिओने गेला आणि त्यानंतरच्या त्याच्या संगीतात ते राहिलंच. १९४६ ची त्याची ग्लॉस्टर सर्व्हिस त्याच इमारतीचा प्रतिध्वनी मनात धरून लिहिलेली आहे. पुढे १९५१ ला सेंट पॉल्ससाठी लिहिताना तिथला घुमट सूर सात-आठ सेकंद धरून ठेवतो म्हणून त्याने स्वरमेळ मुद्दाम सावकाश बदलले. दोन्ही सर्व्हिसचं मॅग्निफिकॅट (मरियेचं गीत, त्या दोनातलं पहिलं) लागोपाठ ऐका, एकच माणूस, एकच शब्द, आणि इमारत बदलली की संगीत कसं बदलतं ते सरळ ऐकू येतं. ग्लॉस्टरच्या मॅग्निफिकॅटच्या सुरुवातीला नुसत्या मुलांचा आवाज आणि खाली ऑर्गन अगदी मऊ. तिथे ऑर्गनिस्टने स्वेल बॉक्सची (पाइपांभोवतीच्या, आवाज लहान-मोठा करणाऱ्या पेटीची) झडप एक बोट जास्त उघडली तरी बिघडतं.

निळावंती

बाबांशी बोलले. ते म्हणाले, महिनाभर राहणारच आहोत तर पंधरा ऑगस्टनंतर निघतो, म्हणजे सप्टेंबरचा मध्य गाठता येईल. गणपती आहेत म्हणून आई आधी नाराज होती पण आता म्हणते तिकडेच बसवू. म्हणजे ऑगस्टअखेरीस एक रेसिटल (नवरा खूश), आणि कॉयर परत आलं की इव्हनसाँग.

कोकणकडा

हे बेस्ट. रेसिटलला स्क्रीन असेल तर समोर बसा, नसेल तर मागे. मोठ्या इमारतीत मागे आवाज जास्त मिसळून येतो.

नगरी_सुरपेटी

सप्टेंबरला पत्रक आलं की इथे टाका ताई, त्या दिवशीची स्तोत्रं मीही इथून वाचीन.

रेघोट्या

इव्हनसाँग भारतातून ऐकायचं काही साधन आहे का? बीबीसी रेडिओ ३ वर बुधवारी असतं असं ऐकून आहे.

यॉर्कर

हो, १९२६ पासून. पहिलं वेस्टमिन्स्टर ॲबीतून झालं होतं. दर आठवड्याला वेगळं कॅथेड्रल किंवा कॉलेज चॅपल. शिवाय आता बरीच कॅथेड्रलं स्वतःच यूट्यूबवर थेट दाखवतात, त्यातली काही जुनी तिथेच राहतात. हेडफोन लावून ऐक, फोनच्या स्पीकरवर पेडलचा एकही सूर येत नाही.